कृते

सभेचं इतिवृत्त मीच लिहिते, गेली अकरा वर्षं.
अक्षर बरं आहे म्हणून,
आणि नाही म्हणता येत नाही म्हणून.
परळच्या नर्सेस क्वार्टर्सची जुनी मेस,
फळ्यावर अजून कुठल्याशा बुधवारची मटकीची उसळ.
हजर सतरा. गणपूर्ती एकवीसची.
अर्धा तास तहकूब करून तीच सभा पुन्हा भरवली,
नियमात बसतं.

विषय एक: मागील इतिवृत्त कायम करणे.
सूचक फिलोमिना तुस्कानो, अनुमोदक रेहाना मुल्ला.
फिलोमिना नाइट संपवून बसलेली,
सुजलेले पाय टेबलाखाली, चपलांच्या बाहेर.
हे इतिवृत्तात येत नाही.

विषय दोन: मसुदा.
चार वर्षं आम्ही एका शब्दाच्या मागे आहोत.
मंत्रालयात सहावा मजला, मग तिसरा, मग पुन्हा सहावा;
फाइल लिफ्टने जाते, आम्ही जिन्याने.
‘प्रशिक्षित परिचारिका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली...’
त्यातल्या ‘खाली’वर बोट ठेवून
हेमांगी गावकर साहेबांना म्हणाली,
रात्री तीनला या एकदा आमच्याकडे
आणि दाखवा, वर कोण असतं ते.
साहेब हसले. चहा मागवला.
चहा चांगला होता, हे कबूल करायला हवं.

अठरा महिने शिकलो आम्ही.
बाळाचं डोकं कुठे अडलंय ते बोटांनी वाचायला,
किती थांबायचं ते,
आणि थांबायचं कधी नाही ते.
परत आलो तर तोच वॉर्ड, तोच पगार,
कमरेला त्याच कपाटाच्या किल्ल्या,
आणि केसपेपरवर सहीच्या आधी तोच शब्द: कृते.
म्हणजे, कुणाच्या तरी वतीने.
जो नसतो त्याच्यासाठी
जी असते तिने लिहायचा.

सात नंबरला गोवंडीची मुलगी होती, एकोणीस वर्षांची.
वार पडली आणि रक्त थांबेना.
डॉक्टर थिएटरमध्ये, दुसऱ्या सिझरला.
शैलजा कुट्टीने पोटावरून गर्भाशय चोळायला घेतलं,
कणीक मळल्यासारखं म्हणतात, पण तसं नाही,
कणकेला घाई नसते.
दुसरा हात मागे करून इंजेक्शन मागितलं,
ऑर्डर नसताना.
मुलगी वाचली. सकाळी तिने चहात बुडवून पाव खाल्ला.
दुपारी शैलजाला मेमो मिळाला,
इंजेक्शनबद्दल नाही.
घाईत तिने ‘कृते’ न लिहिता
सरळ स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मेमोचं उत्तर आम्ही अकराजणींनी मिळून लिहिलं.
सात वेळा खोडलं.
‘दिलगीर’ हा शब्द शैलजाने स्वतः काढायला लावला.

तर, विषय तीन.
दीक्षा वाघचौरे, नवीन सभासद, विचारते,
वर्गणी देते मी, पण संघटनेने मिळवलं काय?
कुणी बोललं नाही.
मग इंदुमतीबाई खरात, निवृत्त,
दर सभेला डोंबिवलीहून येतात, मत द्यायचा हक्क नसताना,
पिशवी आवरत म्हणाल्या:
आमच्या डोक्यावर टोपी असायची, पोरी.
चार टाचण्या, दिवसभर टोचायच्या.
ती टोपी आम्ही घालवली.
नऊ वर्षं लागली.
एका टोपीला नऊ, आता तूच कर हिशेब.

विषय चार, ऐनवेळचा: नवा मसुदा आला आहे.
‘देखरेखीखाली’ गेलं.
त्या जागी ‘आवश्यकतेनुसार’.
टाळ्या वाजवाव्यात का, कुणाला कळेना.
रेहानाने अर्धी वाजवून हात मांडीवर ठेवले.
आवश्यकता कोण ठरवणार, फिलोमिनाने विचारलं,
डोळे मिटलेलेच ठेवून.
पुढील सभेत चर्चा करण्याचे ठरले.

आभार मानून सभा संपली.
खाली मी सही करते.
रजिस्टरवर आधीच छापलेलं आहे,
कृते, परिचारिका संघटना.
पेन तिथे जरा अडलं.
सात नंबरच्या त्या कागदावरचं शैलजाचं नाव आठवलं,
मग इथली सतरा.
इथे राहू दिला तो शब्द.

खर्च: चहा तेरा. चौघी आधीच ड्युटीवर गेल्या.
पावती जोडली आहे.